एक युनिट म्हणजे नेमकं किती?

कातळफूल | १२ मे, रात्री ९.१०

मे महिना, गाव केळशीजवळ, घरात माणसं अकरा आणि पंखे चार. परवा विजेचं बिल आलं. बाबांनी नेहमीप्रमाणे चष्मा कपाळावर सरकवून ते मोठ्यांदा वाचलं, "दोनशे चौदा युनिट!" आणि आमच्याकडे असं बघितलं, की ती युनिटं आम्ही रात्री उठून डब्यातून खाल्ली असावीत. त्यावर माझी दहा वर्षांची भाची म्हणाली, "आजोबा, युनिट केवढं असतं?"

भाऊ इंजिनियर आहे. तो म्हणाला, हजार वॉटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. "वॉट केवढा असतो?" दर सेकंदाला एक ज्यूल. "ज्यूल केवढा?" इथे भावाला एकदम आठवलं की आंबे उतरवायचे राहिलेत.

पोरीचं चुकत नाहीये. किलो हातात धरून कळतो. लिटर दुधाच्या पिशवीवरून कळतो. युनिटचे आपण दर महिन्याला पैसे भरतो आणि ते केवढं असतं हे अकरा जणांत एकालाही दाखवता आलं नाही. तर हातात धरता येईल असं एक युनिट कुणी सांगेल का? व्याख्या नको, ती भावाने सांगून झाली. ओघात ऊर्जेबद्दल काही गमतीचं ठाऊक असेल तर तेही लिहा. सुट्टी अजून पंधरा दिवस आहे आणि पत्ते खेळून कंटाळा आलाय.

गवतीचहा | १२ मे, रात्री ९.२४

पाव किलो तांदूळ.

कोलंबीभात | १२ मे, रात्री ९.२६

धागा चुकला का? पाककृती विभाग शेजारी आहे.

गवतीचहा | १२ मे, रात्री ९.४१

नाही हो, बरोबर धाग्यावर आहे. अन्नातली ऊर्जा आपण किलोकॅलरीत मोजतो. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. शंभर ग्रॅम कोरड्या तांदळात ३५०च्या आसपास असतात, म्हणून पाव किलो. खोबरेल तेल घेतलंत तर शंभर ग्रॅमही लागत नाही, ९५ ग्रॅममध्ये काम होतं. भाचीच्या एका हातात तांदळाची पिशवी द्या, दुसऱ्यात खोबरेलाची लहान बाटली. दोन्हीत एकेक युनिट.

कोलंबीभात | १२ मे, रात्री ९.४४

म्हणजे आज दुपारी मी एक युनिट भात खाल्ला. तरी त्यानंतर अडीच तास लोडशेडिंग होतं.

वायरमनकाका | १२ मे, रात्री १०.१५

ताई, मी ३४ वर्षं खांबावर काढली, आता निवृत्त आहे. भाचीला माझ्याकडून सांगा.

धडधाकट माणूस दिवसभर न थकता काम करतो तेव्हा साधारण ७५ वॉटने करतो. म्हणजे तुमच्या जुन्या पंख्याएवढा. आठ तास राबला तर ०.६ युनिट. एक युनिट भरायला त्याला पावणेदोन दिवस लागणार. आज बागेत गडी लावला तर पावणेदोन दिवसांची मजुरी किती होते ते बाबांना विचारा आणि मग बिलाकडे बघायला सांगा. एवढा स्वस्त मजूर कुठे मिळत नाही.

बैल घेतला तर एक बैल अर्ध्या हॉर्सपॉवरच्या आसपास, हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॉट. आपले कोकणातले बैल लहान, त्यामुळे थोडं कमीच धरा. आमच्या मुरूडच्या आजोळी रहाट होता, बैल गोल गोल फिरायचा आणि गाडगी भरून वर यायची. तीनेक तास फिरला की एक युनिटाचं काम. तीन तासांनी त्याला पेंड आणि सावली लागायची. मोटारीला लागत नाही.

अधिकउणे | १२ मे, रात्री ११.०२

तांदूळ आणि बैल ठीक आहेत, पण मुलीला स्वतः करून बघता येईल असं काही हवं. गणित सोपं आहे. वस्तुमान गुणिले ९.८१ गुणिले उंची. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. घरी विहीर आहे का? पाणी किती खोल आहे आणि बादली केवढी?

कातळफूल | १३ मे, सकाळी ७.३०

आहे ना, जांभ्यात खणलेली. बाबांनी आत्ता दोरी सोडून मोजली, पाणी ४० फुटांवर. बादली दहा लिटरची. (काका, रहाट आमच्याकडेही होता. त्याची माळ अजून माळ्यावर आहे, गाडगी कधीच फुटली.)

अधिकउणे | १३ मे, सकाळी ८.०५

४० फूट म्हणजे १२ मीटर धरू. एक बादली वर काढायला ११७७ ज्यूल. ३६ लाख भागिले ११७७.

३०५८ बादल्या.

हे फक्त पाण्याचं वजन उचलायचं काम. बादलीचं वजन, कप्पीचं घर्षण, दोर, आणि मध्येच कुणी हाक मारली म्हणून परत खाली गेलेली बादली हे वेगळं. वायरमनकाकांच्या ७५ वॉटच्या गड्याने काढायचं म्हटलं तर दर सोळा सेकंदांना एक बादली, असं सव्वातेरा तास.

सुरंगी | १३ मे, सकाळी ९.१२

तीन हजार??? पहाटे उठून चाळीस बादल्या काढणारी आमची आजी म्हणजे मग एका युनिटाचा कितवा हिस्सा झाली? काहीतरी चुकतंय तुमचं.

अधिकउणे | १३ मे, सकाळी ९.४०

चुकत नाहीये, ७६वा हिस्सा. आजीच्या कष्टांना मी कमी लेखत नाहीये, उलट मोटार किती काम करते ते सांगतोय. आता याहून मोठा धक्का ऐका. आंघोळीला २० लिटर पाणी लागतं, ते २८ अंशांवरून ४५ अंशांवर न्यायचं. लागतात जवळपास ०.४ युनिट. तेवढ्या ऊर्जेत कातळफूल यांच्या विहिरीतून बाराशे बादल्या वर येतील.

उचलणं स्वस्त, तापवणं महाग. घरातलं बिल कमी करायचं असेल तर आधी जे तापवतं ते बघावं. गीझर, इस्त्री, हीटर. दिवे मालवत फिरणारे वडील (प्रत्येक घरात एक असतात) चुकीच्या शत्रूशी लढत असतात. ६० वॉटच्या बल्बच्या काळात ती लढाई योग्य होती. आता ९ वॉटचा एलईडी तेवढाच उजेड देतो.

सुरंगी | १३ मे, सकाळी १०.२०

हे मात्र पटलं. म्हणूनच जुन्या लोकांनी आंघोळीचं पाणी कधी महाग जळणावर तापवलं नाही. न्हाणीतला बंब किंवा चुलवण, आणि खाली जाळायला नारळाची सोडणं, करवंट्या, माडाचे पडलेले झाप, पातेरा. जे परसात पडतं ते जळतं. आमच्याकडे अजूनही बंब आहे, वहिनीने गीझर बसवला तरी सासरे बंबाच्याच पाण्याने आंघोळ करतात. धुराचा वास लागल्याशिवाय स्वच्छ वाटत नाही म्हणे.

जरा विषयांतर करते. आजीचं घर जांभ्याच्या भिंतींचं, कौलारू, मधे माळा, जमीन सारवलेली. पंखा नव्हता आणि आठवतही नाही की कुणी मागितला. २०११ला पाडून स्लॅब टाकला. आता दिवसभर स्लॅब ऊन पितो आणि रात्री आमच्या अंगावर सोडतो. वरच्या खोलीत एसी लावला. 'घर बांधलं' म्हणतात ते असं.

मुंबईगावमुंबई | १३ मे, सकाळी १०.५५

+१, स्लॅबबद्दल. आमच्याकडे तर स्लॅबवर ऊन नको म्हणून पुन्हा पत्र्याची शेड घातली. म्हणजे छपराला छप्पर.

कोलंबीभात | १३ मे, दुपारी १२.०१

बादली हे एकक मला फार आवडलं. आमचा सेट टॉप बॉक्स टीव्ही बंद असतानाही चालू असतो. बाहेरून मीटर लावून बघितलं, १० वॉट. महिन्याला ७.२ युनिट. गुणिले ३०५८. दर महिन्याला बावीस हजार बादल्या पाणी हा डबा कोपऱ्यात बसून काढतो आणि कुणाला एक तांब्या देत नाही.

कातळफूल | १३ मे, दुपारी १२.३०

बाबांना सांगितलं की आपलं बिल साडेसहा लाख बादल्यांचं आहे. ते दहा मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "एवढं पाणी विहिरीत नाहीच."

वाशिष्ठीकाठ | १३ मे, दुपारी ३.१८

चिपळूणकर असल्यामुळे मला राहवत नाही. ३०५८ बादल्या विसरा, एक काळी टाकी घ्या. गच्चीवरची, हजार लिटरची.

कोयना ही खरं तर पूर्वेला जाणारी नदी, कराडला कृष्णेला मिळते. पण धरणातलं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला आणून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडतात. पाणी पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली येतं. अधिकउणे यांचंच सूत्र लावा, हजार लिटरमागे एक युनिटहून थोडं जास्त. म्हणजे घाटमाथ्यावरची एक काळी टाकी कोकणात उतरली की एक युनिट. भाचीला टाकी दाखवा आणि सांगा, ही कुंभार्ली घाटावरून खाली सोडायची.

गंमत पुढे आहे. पोफळीला वीज देऊन झालेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात साठवतात आणि अलोऱ्याला त्याच पाण्याकडून पुन्हा वीज काढतात. मग ते वाशिष्ठीला सोडतात. आम्ही त्याला अवजल म्हणतो. आमची नदी मे महिन्यात वाहते ती या अवजलामुळे. सगळे टप्पे धरून क्षमता १९६० मेगावॉट. चौथा टप्पा एकटा १००० मेगावॉटचा. त्यासाठी मार्च १९९९मध्ये लेक टॅपिंग केलं. भरलेला जलाशय तसाच ठेवून खालून बोगदा नेत नेत तळापर्यंत जायचं आणि शेवटचा खडक सुरुंगाने उडवायचा. एप्रिल २०१२मध्ये दुसऱ्यांदा केलं, पातळी खाली गेली तरी पाणी घेता यावं म्हणून.

पाणी आहे म्हणून वाट्टेल तेवढं वळवता येत नाही बरं का. राज्यांत कृष्णेचं पाणी वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने कोयनेतून पश्चिमेला न्यायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मर्यादा घातली आहे.

सह्यपायथा | १३ मे, सायंकाळी ५.४४

वाशिष्ठीकाठ, माहिती उत्तम, पण ही टाकी कुणाच्या डोक्यावरून खाली येते तेही मुलीला सांगा. कोयनेच्या जलाशयाखाली गावं गेली. तिथली माणसं रायगड, ठाण्यापर्यंत नेऊन वसवली आणि जमिनीसाठी त्यांच्या पुढच्या पिढ्या अजून खेटे घालतायत. त्याआधीचं मुळशी बघा. १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो टाटांच्या त्या धरणावरून. पाणी मुळशीचं, वीजगृह रायगडात भिऱ्याला आणि दिवे मुंबईला.

'स्वच्छ ऊर्जा' हा शब्द ऐकला की माझ्या कपाळावर आठी येते. धूर नाही म्हणजे स्वच्छ, एवढंच?

वाशिष्ठीकाठ | १३ मे, सायंकाळी ६.१०

मान्य. मी नाकारलं नाही. पण मग पर्याय काय, कोळसा? तिथेही कुणाचं तरी गाव जातंच.

सह्यपायथा | १३ मे, सायंकाळी ६.२२

पर्याय नंतर. आधी हिशोबात धरा म्हणतोय मी. युनिटाच्या किमतीत ते कुठेच दिसत नाही.

कोलाडकर | १३ मे, सायंकाळी ७.०५

भिऱ्याचा विषय निघालाय म्हणून. कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंगला पुण्यामुंबईची मंडळी येतात, त्यांना वाटतं नदी अशीच उसळते. ती उसळते कारण वर वीज तयार करून पाणी सोडलेलं असतं. सकाळी पाणी सुटलं की आमची पोरं बोटी घेऊन तयार. सुटलं नाही तर दगडांवर बसून वडापाव. तुमच्या एसीच्या युनिटावर आमच्या गावाचा धंदा तरंगतो, अक्षरशः.

आणि त्याही आधीचं खोपोली. १९१५ला सुरू झालं, मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली. म्हणजे कोकणाच्या पायथ्याशी हे खाली पडणाऱ्या पाण्याचं काम शंभर वर्षांहून जुनं आहे.

दर्यासारंग_नव्हे | १३ मे, रात्री ८.३०

वीज म्हटलं की दाभोळच्या एन्रॉन वीज प्रकल्पावर कुणीच कसं बोललं नाही अजून?

अधिकउणे | १३ मे, रात्री ८.३६

कारण तो दाभोळला नाहीच. दाभोळ खाडीच्या अलीकडे, दापोली तालुक्यात. प्रकल्प पलीकडे अंजनवेलला, गुहागर तालुक्यात. नाव एकाला, चिमण्या दुसऱ्याला. जुनी कंपनी २००१मध्ये बुडाली, प्रकल्प पुढे सरकारी कंपन्यांनी घेतला. गॅसवर चालणारा, क्षमता १९६७ मेगावॉट. पण क्षमता असणं आणि वीज तयार होणं यात फरक आहे. गॅस महाग झाला की यंत्रं उभी राहतात.

दर्यासारंग_नव्हे | १३ मे, रात्री ८.५०

मग जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प?

संपादक_मंडळ | १३ मे, रात्री ८.५२

जैतापूरसाठी वेगळा धागा आहे. तिथे ६१२ प्रतिसाद झाले आहेत आणि दोन सदस्य एकमेकांशी बोलत नाहीत. इथे विहीर चालू द्या.

मुंबईगावमुंबई | १४ मे, सकाळी ८.१५

माझा थोडा व्यावहारिक प्रश्न. आई-वडील आंजर्ल्याजवळ राहतात. घरावर ३ किलोवॉट सोलर बसवायचं मनात आहे, केंद्राच्या सूर्यघर योजनेत ७८ हजार अनुदान मिळतं. निसर्ग वादळात (३ जून २०२०) आमच्या वाडीत २६ दिवस वीज नव्हती. मोबाइल चार्ज करायला वडील बाइकची बॅटरी वापरत होते. तेव्हापासून डोक्यात आहे की आपली वीज आपल्या छपरावर असावी. एका विक्रेत्याने सांगितलं, "बसवून टाका, वीज गेली तरी चिंता नाही." बरोबर ना?

वायरमनकाका | १४ मे, सकाळी ९.००

चूक. साफ चूक. बरं झालं विचारलंत.

नेट मीटरचं (जास्तीची वीज बाहेरच्या लाईनीत देऊन बिलातून वजा करणारं) साधं सोलर बाहेरची वीज गेली की स्वतःहून बंद पडतं. डोक्यावर रणरणतं ऊन आणि घरात पंखा बंद. ही खोट नाही, मुद्दाम तसं केलेलं असतं. वादळात तार तुटली, मी खांबावर चढलो, मागून लाईन बंद केल्याची खात्री करून घेतली आणि तुमच्या छपरावरून वीज उलटी तारेत आली तर? माझ्यासारख्याच्या घरी निरोप जातो. म्हणून इन्व्हर्टरला बाहेरची लाईन मेलेली दिसली की त्याने क्षणात तोंड मिटायचं, असा नियम आहे.

वादळात वीज हवी असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा लागेल. तो बाहेरच्या लाईनीपासून घर तोडतो आणि मग आतलं चालवतो. खर्च वाढतो. सगळ्या घराला नको, चार दिवे, दोन पंखे, फ्रीज आणि पाण्याची मोटार यांचा हिशोब करून घ्या. मोटारीला सुरू होताना जास्त झटका लागतो, ते विक्रेत्याला आठवणीने सांगा.

मालवणी_कुर्ली | १४ मे, सकाळी ९.२०

ह्या बरा आसा! म्हणजे वीज आसताना सोलर चलता आणि वीज नसताना चलणा नाय. मगे आमच्या थोरल्या झिलासारख्याच झाला ता.

मुंबईगावमुंबई | १४ मे, सकाळी ९.३५

काका, मनापासून आभार. हे एकाही विक्रेत्याने सांगितलं नव्हतं.

पॅनेलपीडित | १४ मे, सकाळी १०.४८

तीन वर्षांपूर्वी रत्नागिरीजवळ बसवलं आहे, अनुभव लिहितो.

वर्षाची सरासरी काढली तर एका किलोवॉटला दिवसाला चार युनिट धरा. पण सरासरीवर जाऊ नका. मार्चमध्ये ३ किलोवॉट मला १४-१५ युनिट देतं, जुलैत काही दिवस तीन. कोकणातला पावसाळा म्हणजे चार महिने ढगांशी वाटाघाटी. नेट मीटर असल्यामुळे उन्हाळ्यातली शिल्लक तेव्हा उपयोगी पडते.

आमच्या वडिलांना वाटत होतं जितकं कडक ऊन तितकी जास्त वीज. तसं नाही. पॅनेलला उजेड हवा, उष्णता नको. त्याची क्षमता २५ अंशांवर मोजलेली असते, पुढे दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के घट. मे महिन्यात दुपारी पॅनेल ६० अंशांपर्यंत तापतं, दहा-बारा टक्के तिथेच गेले. थंड, स्वच्छ हवेच्या दिवसात सगळ्यात छान चालतं.

कोकणातली खास दुखणी:
माड. एका पॅनेलवर झावळीची सावली पडली की त्या मालिकेतल्या बाकीच्यांचीही वीज अडते. नारळ पडला तर काय होतं ते सांगत नाही, मी ते बघितलं आहे.
खारा वारा. सांगाडा गरम जस्त-मुलाम्याचाच (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला) घ्या. आमच्या शेजाऱ्याने रंग दिलेल्या लोखंडाचा घेतला, दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे पापुद्रे निघाले.
वानर. पॅनेलवर घसरगुंडी करतात. त्यावर उपाय सापडला की कळवा.

मालवणी_कुर्ली | १४ मे, सकाळी ११.०५

वांदरांका बिल धाडा.

सुरंगी | १४ मे, सकाळी ११.४०

आणि कौलांवर कसं बसवायचं? आमच्याकडे (उरलेलं अर्धं) घर कौलारू आहे. वर चढलं की दहा कौलं फुटतात.

पॅनेलपीडित | १४ मे, दुपारी १.१५

कौलावर भार देऊ नका. खालच्या वाशांना धरून आधार घ्यावे लागतात आणि वासे जुने असतील तर तेही नको. अंगणात किंवा गोठ्यावर वेगळा सांगाडा उभारा. गोठ्याला आयतं छप्पर.

झाराप_फाटा | १४ मे, दुपारी २.३३

गोठ्यावर सोलर चढवलंत, पण गोठ्यातल्या ऊर्जेचं काय? आमच्या कुडाळ भागात घरोघरी बायोगॅस आहेत. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो शेण लागतं. आपल्या गावठी गायी अंगाने लहान, तेव्हा पाच-सहा जनावरं हवीत. त्यातून निघणारा गॅस महिन्याला जवळपास २५ किलो एलपीजीचं काम करतो, पावणेदोन सिलिंडर म्हणा. उरलेली स्लरी माडांना. आणि तो पावसाळ्यातही चालतो, ढग असोत नसोत. अडचण एकच, रोज सकाळी शेण कालवायला कुणीतरी घरात पाहिजे, आणि ते कुणीतरी आता मुंबईला असतं.

गवतीचहा | १४ मे, दुपारी ३.०२

गॅसवरून स्वयंपाकघरातलं एक. उकळी आल्यावर आच मोठी ठेवून भात लवकर शिजत नाही. उघड्या भांड्यातलं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, जास्तीची आच फक्त वाफ करते आणि खिडकीबाहेर जाते. झाकण ठेवा, आच बारीक करा. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपास जातं, म्हणून डाळ लवकर. आई हे शास्त्र न शिकता करायची, मी शिकून विसरते.

कोलंबीभात | १४ मे, दुपारी ३.१०

पण भरतीवर वीज का करत नाहीत? रोज दोनदा फुकट येते-जाते. आपल्याकडे खाड्या काय कमी आहेत?

अधिकउणे | १४ मे, दुपारी ४.२५

फ्रान्समध्ये ला रांस खाडीवर १९६६पासून २४० मेगावॉटचं केंद्र चालू आहे. पण अशा केंद्राला भरती-ओहोटीतला फरक मोठा लागतो, आणि मिळणारी ऊर्जा त्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. रत्नागिरीला फरक दोन-तीन मीटर. खंभातच्या आखातात तो दहाच्या वर जातो. म्हणजे तिथे एका भरतीत जे मिळेल त्याचा दहावा भागही इथे नाही, आणि भिंत बांधायचा खर्च सुटत नाही. भारतात असं एकही केंद्र चालू नाही.

शिवाय खाडीच्या तोंडावर भिंत घातलीत तर मासे आत कुठून येणार? आणि तिसऱ्या (शिंपल्या)?

मालवणी_कुर्ली | १४ मे, दुपारी ४.३१

तिसऱ्यांका हात लावायचो नाय. वीज नको आमका. चूड पेटवन बसतलंव.

वाऱ्याचा बोला. देवगडाक पवनचक्के आसत, आमी शाळेतसून थंय सहलीक जायचो. वारो इतको की मास्तरांची टोपी थेट समुद्रात. माका येक कळणा नाय, वारो इतको आसा तर बिल कित्याक येता?

अधिकउणे | १४ मे, सायंकाळी ५.१०

देवगडच्या त्या चक्क्या ऐतिहासिक आहेत, १९८०च्या दशकात देशात जे पहिले काही पवनऊर्जा प्रकल्प झाले त्यांतला एक तिथला. वाऱ्याची ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट, ऊर्जा आठपट. उलटंही खरं, वेग निम्मा झाला की आठवा भाग उरतो. म्हणून टोपी उडवणारे चार दिवस नव्हे, वर्षभराचा वारा बघतात. नंतरच्या मोठ्या चक्क्या साताऱ्याकडच्या पठारांवर गेल्या त्या यासाठी. आणि कितीही चांगली चक्की केली तरी वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त ऊर्जा काढता येत नाही. सगळी काढली तर वारा चक्कीमागे थांबेल, आणि थांबलेला वारा मागून येणाऱ्याला वाट देणार नाही. मुंबईच्या लोकलच्या दारासारखं.

सुरंगी | १४ मे, सायंकाळी ५.३०

पंख्यांचं कुणी सांगेल का? कमी वीज खाणारे बीएलडीसी की काय ते खरंच घ्यावेत?

वायरमनकाका | १४ मे, सायंकाळी ६.०५

घ्या. जुना पंखा ७५ वॉट, हा ३० वॉट. बारा तास चालला तर दिवसाला अर्धं युनिट वाचलं. कातळफूल ताईंकडे चार पंखे आहेत, म्हणजे रोज दोन युनिट. जुना चौकोनी खोका रेग्युलेटर असेल तर तोही काढा. पंखा हळू केला तरी उरलेली वीज तो खोका तापवण्यात घालवतो. हात लावून बघा, गरम लागेल.

कातळफूल | १६ मे, रात्री ९.५०

दोन दिवस नेट नव्हतं. (आणि वीज. पहिला वळवाचा पाऊस पडला, त्यामुळे नवल नाही.)

वीज नाही म्हणजे मोटार नाही, म्हणून विहिरीवर जावंच लागलं. भाचीला आधी तांदूळ आणि खोबरेल दिलं, तिने दोन्ही बाजूला ठेवलं. काळी टाकी दाखवली, वर घाट दाखवला. ती म्हणाली, "पण मला बादल्याच काढायच्या आहेत." कप्पीला नवा दोर लावला. ३०५८ हा आकडा तिने कोळशाने न्हाणीच्या भिंतीवर लिहिला आणि सुरू झाली. दहा लिटर जड जातं म्हणून मी दोर धरायला मागे, पण ओढायचं तिनेच असा करार. एकविसाव्या बादलीला हात लाल. तिसाव्याला बसली, कैरी खाल्ली. ४१ला म्हणाली, "मावशी, एक युनिट खूप मोठं असतं."

काल संध्याकाळी वीज आली. ती घरात गेली आणि कुणी न सांगता सेट टॉप बॉक्सचं बटण बंद केलं. आजोबा बातम्या बघत होते. मग जे झालं ते इथे लिहीत नाही.

आज सकाळी न्हाणीच्या भिंतीवर ३०५८ खोडून ३०१७ लिहिलेलं होतं.

कोलंबीभात | १६ मे, रात्री १०.०४

या गतीने पुढच्या सुट्टीपर्यंत अर्धं युनिट तरी होईल का?

वायरमनकाका | १६ मे, रात्री १०.२०

पोरीला माझ्याकडून शाबासकी. हाताला खोबरेल लावा. ९५ ग्रॅम नको, दोन थेंब पुरेत.

कातळफूल | १७ मे, सकाळी ६.४५

आत्ता दात घासायला गेले. भिंतीवर ३०१५ आहे आणि भाची अजून झोपली आहे. बाबांच्या धोतराचा काठ ओला दिसतोय.